केदार जाधव पाच संघ फिरला, पण काउंटर एकच ठेवला



"कुठं टिकत नाही तो." आपल्या भागात धंदा करणाऱ्या पोराबद्दल यापेक्षा वाईट काही बोलता येत नाही. आज शेंगा चटणीचा स्टॉल, उद्या लग्नाच्या ऑर्डरी, परवा पुण्याला प्रदर्शनात, आणि घरी वडिलांचं किराणा दुकान आहेच. सोयरीक घेऊन आलेली माणसं चहा पिता पिता विचारतात, "मुलगा नक्की करतो काय?"

परवाच्या व्हिडिओत मी केदार जाधवचं नाव घेतलं, तर खाली बऱ्याच जणांनी तेच लिहिलं. सर, उदाहरण द्यायचं तर धोनीचं द्या, एक संघ, एक जर्सी. केदारचं काय सांगता, तो तर पाच संघ फिरला. व्हिडिओत वेळ नव्हता, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

धोनीचं उदाहरण ऐकायला गोड लागतं. पण चेन्नईच्या संघावर दोन वर्षांची बंदी आली तेव्हा २०१६ आणि २०१७ ला धोनीसुद्धा पुण्याच्या संघाकडून खेळला. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसालासुद्धा दुसरी पार्टी शोधावी लागली. आपण तर मंद्रूप, होटगी, अक्कलकोट, मोहोळची माणसं. एकाच मोठ्या गिऱ्हाइकानं पंधरा वर्षं पोसलं असा धंदेवाला मी तरी आपल्या तालुक्यात बघितलेला नाही. आपल्याला शिकायचं असेल तर फिरणाऱ्याकडूनच शिकायला पाहिजे.

आणि केदार तसा आपलाच. जन्म पुण्याचा, २६ मार्च १९८५, वाढला कोथरूडला. पण घराणं मूळचं माढा तालुक्यातल्या जाधववाडीचं. उजनी धरण आहे तोच माढा तालुका. वडील वीज मंडळात क्लार्क, तीन मोठ्या बहिणी, हा शेंडेफळ. सुरुवात टेनिस बॉलच्या स्पर्धांतून. भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळला नोव्हेंबर २०१४ मध्ये रांचीला, श्रीलंकेविरुद्ध, तेव्हा वय २९. आपल्या बॅचला तिशीत येऊन "सर, उशीर झाला का हो" विचारणारे जे आहेत, त्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

आता त्याच्या आयपीएलचा प्रवास बघा. २०१० ला दिल्ली. त्याआधी तो बेंगळुरूच्या राखीव पोरांत होता, आणि दिल्लीकडून पहिलाच सामना त्याच बेंगळुरूविरुद्ध पडला. २९ चेंडूंत नाबाद ५०. २०११ ला कोची. मग परत दिल्ली, २०१५ पर्यंत. २०१६ ला बेंगळुरू. २०१८ ला चेन्नई, बोली ७ कोटी ८० लाख. २०२१ ला हैदराबाद, २ कोटी. २०२२ ला घरी. २०२३ ला परत बेंगळुरू, १ कोटी. सगळं मिळून ९५ सामने आणि १२०८ धावा.

हा शेवटचा आकडा बघून कुणीही म्हणेल, यात काय विशेष? खरंच विशेष नाही. ९५ सामन्यांत १२०८ धावा म्हणजे साधारण माल. मग पाच वेगवेगळ्या मालकांनी खिशातून पैसे काढून त्याला का घेतलं? आणि त्यातल्या दोघांनी, दिल्लीनं आणि बेंगळुरूनं, एकदा सोडून दिल्यावर परत का बोलावलं?

माझ्या मते धंद्यात बघायची गोष्ट हीच आहे. किती गिऱ्हाइकं सोडून गेली याचा हिशेब सगळे ठेवतात. सोडून गेलेली किती परत आली, ती वही कुणी ठेवत नाही.

थोडं लांबचं उदाहरण देतो. अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉलमध्ये इश स्मिथ नावाचा खेळाडू होता. पॉइंट गार्ड. म्हणजे चेंडू पुढं घेऊन जाणारा, कुणी कुठं उभं राहायचं ते सांगणारा, स्वतः बास्केट करण्याआधी दुसऱ्याला संधी करून देणारा. लग्नातल्या पंगतीत एक माणूस असतो बघा, स्वतः वाढत नाही पण कुठल्या ओळीत भात संपला, कुठं आमटी पोचली नाही हे त्यालाच कळतं, तसा. २०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे तिकडं संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, त्याला कुणीच घेतलं नाही. तरी तो टिकला आणि तब्बल १३ संघांकडून खेळला. एनबीएमध्ये हा विक्रम आहे. ह्यूस्टन, मेम्फिस, फिनिक्स, डेट्रॉइट, वॉशिंग्टन, नावं वाचताना नकाशा लागतो. फिलाडेल्फियानं सोडून परत घेतला, वॉशिंग्टननं सोडून परत घेतला. तेरावा संघ डेन्व्हर, आणि २०२३ ला डेन्व्हर चॅम्पियन झालं. त्या विजयात त्याचा मैदानावरचा वाटा छोटा होता, पण संघात तो होता.

एक फरक मात्र ध्यानात घ्या. इश स्मिथच्या बऱ्याच बदल्या त्याला न विचारता झालेल्या आहेत. तिथं संघ आपापसात खेळाडूंची अदलाबदल करतात, सकाळी उठून कळतं की आपलं गाव बदललं. आयपीएलच्या लिलावातही कोण बोली लावणार ते खेळाडूच्या हातात नसतं. आपल्या हातात असतं. कुठल्या पार्टीला माल द्यायचा, किती द्यायचा, उधारी किती दिवसांची, हे आपण ठरवतो. म्हणून आपल्याला बहाणा कमी.

आता केदारला परत परत बोलावणं का आलं ते बघू.

पहिलं म्हणजे संघात जी जागा रिकामी असेल तिथं तो बसायचा. पाचव्या नंबरला, सहाव्या नंबरला, सामना अडकलेला असताना. विकेटकीपिंगही करायचा. आणि बोलिंगची गोष्ट तर तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर बघितली असेल. ऑक्टोबर २०१६, धरमशाला, न्यूझीलंडविरुद्ध. धोनीनं त्याच्या हातात चेंडू दिला आणि त्यानं नीशम आणि सँटनर लागोपाठच्या दोन चेंडूंवर काढले. बोलर म्हणून त्याला कोण ओळखत होतं? पुढं तो हात एवढा खाली आणून चेंडू टाकायला लागला की बॅट्समनला कळेना हा चेंडू आहे का गोटी. भारताकडून ७३ एकदिवसीय सामन्यांत १३८९ धावा, सरासरी ४२ च्या वर, आणि वर २७ विकेट. बाहेर बसलेला बोलर जास्त चांगला होता, हे सगळ्यांना माहीत. पण चालू असलेल्या सामन्यात, हातात असलेल्या माणसांतून काम भागवायचं होतं, आणि हा भागवत होता.

आपल्या धंद्यात याला काय म्हणतात? सोलापूरच्या एखाद्या हॉटेलवाल्याला तुम्ही चटणी देता. एक दिवस त्याचा पापडवाला येत नाही आणि तो तुम्हाला फोन करतो, "दादा, पापडाची काही सोय?" तिथं जो "बघतो, चारपर्यंत पोचवतो" म्हणतो, त्याचा नंबर हॉटेलवाला मोबाइलमधून काढत नाही. चटणीचा रेट दोन रुपये जास्त असला तरी.

दुसरी गोष्ट ७ एप्रिल २०१८ ची. चेन्नईनं ७ कोटी ८० लाख मोजलेत, पहिलाच सामना, वानखेडेवर मुंबईविरुद्ध. केदार बॅटिंग करताना मांडीचा स्नायू दुखावला, लंगडत बाहेर गेला. इकडं ब्राव्होनं ३० चेंडूंत ६८ मारले आणि सामना जवळ आणून बाद झाला. शेवटच्या षटकात ७ धावा पाहिजेत, एकच विकेट बाकी. केदार परत आला. पळता येत नव्हतं. मुस्तफिझुरचे पहिले तीन चेंडू गेले, धाव नाही. टीव्हीसमोर बसलेल्या माणसानं काय काय शिव्या दिल्या असतील. चौथ्यावर सिक्स, पाचव्यावर चौकार, सामना संपला. पळता येत नाही म्हटल्यावर त्यानं न पळता जिंकायचा मार्ग काढला. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला आशिया कपच्या फायनलमध्ये बांगलादेशविरुद्ध पुन्हा तसंच. दुखापत, बाहेर, परत मैदानात, आणि शेवटच्या चेंडूवर पायाला लागून एक धाव.

एप्रिलच्या त्या सामन्यानंतर तो अख्खा हंगाम बाहेर बसला. चेन्नईनं त्याच्या जागी इंग्लंडचा डेव्हिड विली आणला. आणि गंमत अशी, की पाच वर्षांनी, २०२३ ला, बेंगळुरूचा खेळाडू दुखापतीनं बाहेर गेला आणि त्याच्या जागी केदारला बोलावलं. तो दुखापत झालेला खेळाडू म्हणजे डेव्हिड विली. धंद्यात ज्यानं तुमची जागा घेतली त्याच्याशी भांडण काढू नये ते यासाठी. उद्या त्याची जागा तुम्हाला मिळेल, आणि दोघांचा गिऱ्हाईक एकच असेल.

तो फोन आला तेव्हा केदार काय करत होता? जिओसिनेमावर मराठीत कॉमेंट्री. खेळाडू म्हणून आयपीएलमध्ये कुणी घेतलं नव्हतं, तर त्याच आयपीएलमध्ये माईक घेऊन बसला होता. बाजारातून बाहेर गेलाच नाही. गाळा मिळाला नाही तर हातगाडी लावली म्हणा.

आता मुद्द्याची गोष्ट. वरच्या सगळ्या यादीत एक नाव मी मुद्दाम घेतलं नाही. महाराष्ट्र. २००७ ला तो महाराष्ट्राकडून रणजी खेळायला लागला आणि २०२४ पर्यंत महाराष्ट्राकडूनच खेळला. दिल्ली, कोची, बेंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, सगळीकडं माल विकला, पण घरचं काउंटर कधी बंद केलं नाही. आणि प्रत्येक वेळी मोठी ऑर्डर आली ती या काउंटरवरच्या विक्रीमुळं. २०१२ ला उत्तर प्रदेशविरुद्ध ३२७. २०१३-१४ च्या रणजी हंगामात १२२३ धावा, सहा शतकं, महाराष्ट्र फायनलला. त्याच वर्षी नोव्हेंबरात भारताची टोपी. जानेवारी २०२३ ला, वय ३७, आयपीएलमध्ये कुणी विचारत नाही, आणि पुण्यात आसामविरुद्ध २८३ चेंडूंत २८३. मे महिन्यात बेंगळुरूचा फोन.

शेवटच्या हंगामात तो महाराष्ट्राचा कर्णधार होता. जानेवारी २०२४ ला आपल्या सोलापुरात, पार्क स्टेडियमवर, मणिपूरविरुद्ध रणजी सामना झाला. सात-आठ कोटींना विकला गेलेला माणूस सोलापूरच्या उन्हात चार दिवसांच्या सामन्याला उभा राहतो. ३ जून २०२४ ला त्यानं निवृत्ती जाहीर केली.

म्हणून "केदार कुठं टिकला नाही" हे मला पटत नाही. सतरा वर्षं तो एका ठिकाणी टिकला, आणि ते ठिकाण टिकवलं म्हणून बाकी सगळीकडं फिरता आलं.

हे मी आत्ता का लिहितोय ते सांगतो. गेल्या दोन वर्षांत आपल्याकडं एक नवी लाट आलीय. पुण्या-हैदराबादच्या पार्ट्या येतात, म्हणतात तुमची कडक भाकरी, तुमची शेंगा चटणी, तुमचे टॉवेल, सगळा माल आम्ही उचलतो. फक्त दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. आणि आपली पोरं खूश होऊन गाळा सोडून देतात. मोबाइलवर मोठमोठे गुरू सांगतातच, की एकच काम धरा, फोकस करा, किरकोळ विक्री सोडा. मी बीबीए केलं तेव्हा पुस्तकात हेच होतं. पुस्तक चूक नाही, पण पुस्तकातल्या कंपनीकडं सहा महिने तग धरायला पैसा असतो.

कोचीचं काय झालं आठवा. कोची टस्कर्स केरळ, कितीतरी कोटींची बोली लावून आलेला संघ. एक हंगाम खेळला. सप्टेंबर २०११ ला बीसीसीआयनं करारच रद्द केला, कारण बँक गॅरंटीचा घोळ. संघाच्या मालकांचं आणि बोर्डाचं जे व्हायचं ते कोर्टात होत राहिलं, पण खेळाडूंचं काय? ज्याला रणजी होती तो रणजीत परत गेला. केदार गेला. पुढच्याच वर्षी ३२७ मारले. काउंटर बंद केलेलं असतं तर कुठं उभा राहिला असता?

आपल्या बॅचच्या एक ताई आहेत, कडक भाकरी करतात, हाताखाली सहा बायका. एका पार्टीनं सगळा माल मागितला. ताई म्हणाल्या, सोलापूरच्या चार दुकानांना रोज फिरून माल द्यायचा त्रास वाचेल, एकदाच गाडी भरायची. मी म्हटलं, ताई, दोन दुकानं तरी ठेवा. त्यांनी चारही ठेवली, पार्टीला उरलेला माल दिला. आठ महिन्यांनी पार्टीनं रेट पाडला, दहाव्या महिन्यात फोन उचलणं बंद. ताईंची एक बाई कमी झाली, पाच राहिल्या. चुली विझल्या नाहीत. वर्षभरानं त्याच पार्टीचा दुसरा माणूस आला, यावेळी अर्धे पैसे आगाऊ घेऊन.

इथं एक कामाची माहिती. तुम्ही माल बनवणारे असाल तर उद्यम नोंदणी करून घ्या, ती फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार असेल तर त्यात ठरलेल्या तारखेला, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर व्याज मागता येतं, तक्रारही करता येते. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला हा फायदा मिळत नाही, तेवढं लक्षात ठेवा. पण कायदा असला तरी ४५ दिवस घर चालवायला गल्ल्यात रोजचे पैसे लागतात, आणि ते काउंटरवरूनच येतात.

काही जण विचारतील, मग फिरायचंच कशाला, काउंटरवर बसू की. बसा. पण नुसत्या रणजीवर केदारला ७ कोटी ८० लाख मिळाले नसते. मोठी पार्टी पैसा देते, शिस्त शिकवते, पॅकिंग सुधारून घेते. बाहेर जाऊन आलेला माणूस काउंटरवरही वेगळा उभा राहतो. गड्ड्याच्या यात्रेत एकदा स्टॉल लावून या, मग मंद्रूपच्या गिऱ्हाइकाशी तुमचं बोलणं बदललेलं असेल.

रेटबद्दलही बोलतो, कारण ते दुखतं. ७ कोटी ८० लाख, मग २ कोटी, मग १ कोटी. यातल्या २ कोटींचं कारण सगळ्यांना आठवतंय. २०२० चा हंगाम, आठ सामने, ६२ धावा. कोलकात्याविरुद्ध १२ चेंडूंत ७ आणि चेन्नई १० धावांनी हरली. लोकांनी मीम करून करून नको केलं. चेन्नईनं सोडलं. लिलावात खेळाडूला आपली मूळ किंमत आपणच लिहून द्यावी लागते, त्यानं २ कोटी लिहिली, हैदराबादनं तेवढ्यालाच घेतला. मागच्या वर्षीचा भाव मनात धरून माल गोदामात कुजवणारे कांदेवाले आपण दरवर्षी बघतो. त्यापेक्षा हे बरं. पण तो २ कोटींवर उतरू शकला याचंही कारण घरचं काउंटर चालू होतं हेच आहे. ज्याच्या गल्ल्यात रोज थोडं येतं त्यालाच पडलेला भाव शांतपणे घेता येतो, आणि अगदीच पडला तर नाही म्हणता येतं.

आता आपल्या सध्याच्या बॅचमधल्या एका दादाकडं येतो. टॉवेल आणि नॅपकिनचा धंदा, छोटा गाळा, भाडं महिना साडेचार हजार. हैदराबादच्या पार्टीनं वर्षाचा माल मागितलाय, अट तीच, दुसऱ्याला द्यायचं नाही. या महिनाअखेर गाळा सोडायचा का ते त्याला ठरवायचंय. घरचे म्हणतात सोड, भाडं वाचेल. मी म्हणतो वर्षाचं भाडं ५४ हजार होतं, ते पार्टीच्या रेटमध्ये बसतं का ते आधी बघू, आणि "दुसऱ्याला द्यायचं नाही" या अटीतून गाळ्यावरची किरकोळ विक्री वगळून मागू. देत असतील तर उद्या सही. देत नसतील तर का देत नाहीत ते विचारायचं.

रविवारी त्याचा हिशेब बॅचमध्ये फळ्यावर मांडणार आहोत, त्याची परवानगी घेतलीय. ज्यांच्याकडं असाच प्रस्ताव आलाय त्यांनी पार्टीचा कागद आणि गेल्या सहा महिन्यांची काउंटरच्या विक्रीची वही घेऊन या. वही नसेल तर आजपासून लिहायला घ्या, रविवारपर्यंत जेवढे दिवस होतील तेवढे.